वायल्डर स्मारक : नाव राहिले, वाद विसरला

मिशनऱ्याचे चरित्र हा मराठी ख्रिस्ती वाङ्मयातला बहुधा सर्वांत ठरीव प्रकार असावा. परदेशातले एखादे धर्मशील कुटुंब, बालवयात जाणवलेले पाचारण, शिडाच्या जहाजातून महिनोन्‌महिने चाललेला प्रवास, किनाऱ्यावर पाय ठेवताच आलेला ताप, भाषेशी झटापट, पहिला बाप्तिस्मा, एखाद्या अपत्याचे अकाली दफन, दुष्काळात केलेली सेवा आणि शेवटी निरोपाचे अश्रू, हा क्रम सहसा बदलत नाही. चरित्रनायक कॅथलिक असो वा प्रोटेस्टंट, इटालियन असो वा अमेरिकन, नावे आणि सन बदलले की चरित्र तयार होते. वाचकाच्या मनात आदर उत्पन्न होतो, पण माणूस उभा राहत नाही. ज्याला कुणी विरोध केला नाही, ज्याचे स्वकीयांशी कधी पटले नाही असे झाले नाही, ज्याच्या हिशेबाच्या वहीत कधी खोट आली नाही, अशा नायकाविषयी आदराव्यतिरिक्त दुसरे काही वाटणे शक्यही नसते.

स्मारक म्हणून बांधलेले किंवा स्मारक म्हणून नाव दिलेले प्रार्थनामंदिर याच साच्याला आणखी एक पायरी पुढे नेते. तेथे चरित्रही गळते आणि केवळ नाव उरते. कोल्हापुरातील वायल्डर मेमोरियल चर्चला भेट दिल्यानंतर आमच्या मनात जे विचार आले ते प्रामुख्याने या नावाविषयीचे आहेत. इमारतीच्या शिल्पाविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार नाही आणि हेतूही नाही.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे कोल्हापुरास जातात ती बहुधा लग्नकार्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, नाहीतर गोव्याकडे जाताना वाटेत मुक्कामाला. नवा राजवाडा पाहतात, रंकाळ्यावर फिरतात, चपला घेतात आणि रविवार असला तर कॅथलिक देवळात मिस्सा ऐकतात. न्यू शाहूपुरीतील वायल्डर चर्चकडे पाय वळण्याचे कारण त्यांना सहसा पडत नाही. ख्रिस्ती ऐक्यासंबंधीचा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा आदेश १९६४ साली आला, त्याला साठ वर्षे उलटली. तरीही शेजारच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास हा आपला इतिहास आहे, असे मानण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे ते अंतर आहे. एका आदेशाने ते मिटेल अशी अपेक्षा कुणी केली नव्हती.

कॅथलिक मनुष्य स्मारकाच्या जागी गेला की नकळत कबर शोधतो. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे शरीर आहे. दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी खाली आणले जाते. नुकतेच नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात लाखो भाविक तेथे जाऊन आले. आपली स्मृती अशी देहाभोवती, अवशेषांभोवती, वेदीभोवती फिरते. वायल्डर स्मारकात यातले काहीच नाही. प्रेस्बिटेरियन परंपरेच्या प्रार्थनामंदिरात मूर्ती नसतात, संतांच्या वेद्या नसतात, साक्रामेंतापुढचा अखंड दिवा नसतो. बाके, व्यासपीठ आणि शास्त्रवचन, एवढ्यावर सारी मदार. ज्याचे हे स्मारक त्याचा देहही येथे नाही. रॉयल गोल्ड वायल्डर १८८७ साली न्यूयॉर्क शहरात निवर्तले, कोल्हापूर सोडून त्यांना तेव्हा बारा वर्षे झाली होती. तेव्हा येथे स्मरणाला आधार म्हणून नावाखेरीज काही नाही, आणि म्हणूनच त्या नावात काय भरले आहे हे पाहणे अगत्याचे ठरते.

वायल्डर यांचा जन्म १८१६ सालचा, अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातला. मिडलबरी महाविद्यालयात आणि नंतर अँडोव्हरच्या धर्मशिक्षणसंस्थेत त्यांचे शिक्षण झाले. १८४६ मध्ये पत्नी एलिझा यांच्यासह ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास आले. हे मिशन १८१३ पासून मुंबईत होते आणि नगर हे त्याचे मोठे ठाणे बनले होते. १८५२ च्या अखेरीस वायल्डर दांपत्य कोल्हापुरास आले. त्या संस्थानात येऊन राहिलेले ते पहिले प्रोटेस्टंट मिशनरी होत. त्यांच्या आगमनाबरोबर शहरातील ब्राह्मणांनी त्यांना हद्दपार करावे असा अर्ज सरकारकडे केला, असे अमेरिकन चरित्रकोश सांगतो. त्या अर्जाला यश आले नाही.

या अर्जापाशी आम्ही थोडे थांबू इच्छितो. मिशनरी चरित्रात असा अर्ज नेहमी येतो तो नायकाच्या धैर्याला उठाव देण्यासाठी. अर्जदारांना काय वाटत होते, त्यांना भय कशाचे होते, हे चरित्रकार विचारीत नाही. कोल्हापुरात १८४४ साली गडकऱ्यांचे बंड होऊन गेले होते, त्यानंतर कंपनी सरकारचा हात संस्थानच्या कारभारात खोलवर शिरला होता. अशा वेळी एक गोरा गृहस्थ येतो, शाळा काढतो आणि जुना धर्म खोटा असे रस्त्यात उभे राहून सांगतो. अर्जदारांना त्यात राज्यकर्त्यांची सावली दिसली असल्यास नवल नाही. वायल्डर अमेरिकन होते, त्यांचा कंपनीशी संबंध नव्हता, हा भेद त्या काळच्या कोल्हापूरकराला कोण समजावून सांगणार? चरित्रलेखकाने विरोधकाला समजून घेतले म्हणून नायक लहान होत नाही. उलट त्याने कोणत्या माणसांत काम केले हे प्रथमच कळते.

परंतु आमच्या मते वायल्डर यांच्या आयुष्यातील खरा संघर्ष अर्जदार ब्राह्मणांशी झालाच नाही. तो झाला बोस्टनशी.

१८५४-५५ मध्ये अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन एका सहकाऱ्यासह हिंदुस्थानच्या पाहणीस आले. अँडरसन यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. मिशनऱ्याचे काम सुवार्ता सांगणे आणि देशी मंडळी उभी करून तिच्या स्वाधीन करणे. ती मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी, स्वतःचा खर्च स्वतः चालविणारी आणि स्वतः प्रसार करणारी असली पाहिजे. ख्रिस्ती नसलेल्या मुलांसाठी शाळा चालविण्यात, विशेषतः इंग्रजी शाळा चालविण्यात, मिशनचा पैसा आणि वेळ वाया जातो. मुले इंग्रजी शिकतात, सरकारी नोकरी धरतात आणि गावाशी व मंडळीशी त्यांचा संबंध तुटतो. या धोरणानुसार शाळांना कात्री लागली. त्याच भेटीच्या काळात, १८५४ मध्ये, नगरला हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोन एतद्देशीय प्रचारकांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली, हेही येथे नमूद केले पाहिजे. अँडरसन यांना शाळाद्वेष्टे म्हणून बाजूस सारता येत नाही. देशी माणसावर जबाबदारी टाकण्याची त्यांची घाई त्या काळातील पुष्कळ मिशनऱ्यांपेक्षा, आणि स्पष्टच सांगायचे तर त्या काळातील कॅथलिक व्यवस्थेपेक्षाही, पुढची होती.

वायल्डर यांना शाळा बंद करणे मान्य नव्हते. १८५७ मध्ये प्रकृती बिघडल्यामुळे ते अमेरिकेस परतले. त्यांच्या अनुपस्थितीत बोर्डाने कोल्हापूरचे ठाणे पुढे न चालविण्याचे ठरविले, आणि वायल्डर यांच्याशी असलेला बोर्डाचा संबंधही तुटला. एखाद्या माणसाने अशा वेळी दुसरे काम पत्करले असते. वायल्डर यांनी पुस्तक लिहिले. १८६१ साली न्यूयॉर्कमध्ये ते प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातील अमेरिकन बोर्डाच्या मिशनशाळा हा त्याचा विषय. पुस्तकाच्या लांबलचक नावातच उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी, सँडविच बेटे, तुर्कस्तानातील आर्मेनियन आणि इराणातील नेस्टोरियन यांच्यातील मिशनकार्याचा उल्लेख येतो. कोल्हापूरच्या शाळेचा प्रश्न सोडविण्यासाठी त्यांनी हवाईपासून इराणपर्यंतच्या साक्षी गोळा केल्या.

वाङ्मय म्हणून या पुस्तकाचे मूल्य बेताचेच. ते फिर्यादीच्या वकिलाने लिहिलेले आहे. अहवाल, पत्रे, आकडे यांची रास रचून प्रतिपक्षाला निरुत्तर करणे ही त्याची रीत. लेखकाला स्वतःच्या म्हणण्याविषयी एखादी शंका कधी आली असेल असे वाटत नाही, आणि जेथे शंका नाही तेथे गद्य कोरडे होते. ज्या मुलांसाठी हा सारा खटाटोप, ती मुले पुस्तकात संख्या म्हणून येतात. एखादा मुलगा कोणत्या आळीतला, त्याच्या आईने त्याला शाळेत कसे पाठविले, फळ्यावरचे पहिले अक्षर पाहून तो काय म्हणाला, हे वाचायला मिळाले असते तर खटला पानोपान पुराव्यांपेक्षा अधिक लवकर जिंकला गेला असता. तरीही हे पुस्तक टाकून देण्यासारखे नाही. मिशनच्या इतिहासात आतल्या माणसाने, नाव लावून, आपल्याच वरिष्ठांच्या धोरणाची अशी छापील तपासणी करावी, हे क्वचित घडते. आपल्याकडे असे मतभेद पत्रव्यवहारात राहतात आणि पत्रे दप्तरखान्यात जातात.

पुस्तक छापून झाले आणि त्याच वर्षी वायल्डर कोल्हापुरास परत आले. पाठीशी बोर्ड नव्हते. पुढे सुमारे नऊ वर्षे त्यांनी स्वतंत्रपणे, मित्रांच्या मदतीवर काम चालविले. १८७० मध्ये हे मिशन अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळीच्या स्वाधीन झाले. तेथून पुढे कोल्हापूर, कोडोली, सांगली, मिरज, रत्नागिरी, वेंगुर्ले असा त्याचा पसारा वाढला. मिरजेचे डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय हे त्याच परंपरेतले, आणि ते आपल्या पुष्कळ वाचकांना आजारपणाच्या निमित्ताने माहीत असेल. १८७५ मध्ये वायल्डर कायमचे परतले. १८७८ साली प्रिन्स्टन येथे त्यांनी मिशनकार्याला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले आणि ते अखेरपर्यंत स्वतः चालविले. म्हणजे ते शेवटपर्यंत लिहिते, भांडते राहिले. स्मारकातील नावात हा भांडखोर संपादक मात्र कुठे दिसत नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी पुरा झालेल्या अमेरिकन चरित्रकोशात त्यांच्या कार्याचा गोषवारा आकड्यांत दिला आहे. तीन हजारांहून अधिक शहरे व खेडी यांतून प्रवचने. तीस लाखांहून अधिक पृष्ठांच्या पत्रिकांचे वाटप. शाळांतून तेहेतीसशेवर विद्यार्थी, त्यांपैकी तीनशे मुली. याशिवाय मराठी बायबलच्या भाषांतरसमितीवरील काम आहेच. हे आकडे चरित्रकोशातून पुढच्या लिखाणात उतरत जातात आणि कुणी ते पुन्हा मोजून पाहत नाही. आपण पाहू. वायल्डर यांचा हिंदुस्थानातील एकंदर काळ सुमारे पंचवीस वर्षांचा. तीन हजार गावे म्हणजे महिन्याला दहा, म्हणजे दर तीन दिवसांला एक नवे गाव, पावसाळ्यातसुद्धा. बैलगाडी आणि घोडा एवढ्याच साधनांनी हे झाले असेल तर कुठल्याही गावात प्रवचनापलीकडे मुक्काम झाला नसणार. तीस लाख पृष्ठे तीन हजार गावांना वाटली तर गावागणिक हजार पृष्ठे येतात. ज्या खेड्यात कुलकर्णी आणि एखादा वाणी सोडला तर वाचणारे कुणी नाही तेथे हजार पृष्ठांचे काय झाले असेल, याची कल्पना करवत नाही. पुड्या बांधल्या गेल्या असतील, असे म्हणणे कदाचित अनुदार ठरेल.

गंमत अशी की, गौरवासाठी दिलेले हे आकडेच वायल्डर यांच्या बाजूने सर्वांत प्रभावी साक्ष देतात. जेथे वाचता येत नाही तेथे छापील सुवार्ता व्यर्थ. आधी शाळा, मग पत्रिका. त्यांना बोर्डाशी जे भांडायचे होते ते या तीन ओळींत आहे, परंतु कोशकाराने आकडे ओळीने मांडले आणि त्यांतला संबंध सोडून दिला. मुलींचा आकडाही बोलका आहे. अकरा विद्यार्थ्यांत एक मुलगी. नगरला मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा वायल्डर यांच्या आगमनापूर्वीपासून चालू होत्या, ते त्यांनी पाहिले होते. कोल्हापुरात अकरांत एकीपर्यंतच ते पोहोचले. हे थोडे की पुष्कळ याचा निर्णय देण्यापूर्वी १८५० च्या दशकातील कोल्हापूर डोळ्यांपुढे आणावे.

शाळांमुळे मंडळी वाढत नाही, ही अँडरसन यांची तक्रार आकड्यांच्या दृष्टीने खरी होती. मात्र शाळेचे फळ बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत शोधायचे की नाही, हाच तर मूळ प्रश्न. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. मिशनच्या अहवालात अशा विद्यार्थ्याची नोंद तोट्याच्या बाजूला पडली असती. १८४८ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तिच्यामागे नगरच्या फॅरारबाईंच्या शाळेचे उदाहरण होते. हा जमाखर्च कोणत्या वहीत लिहायचा? कोल्हापुरातही पुढे १९१७ साली शाहू छत्रपतींनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. त्याचे श्रेय मिशनकडे ओढण्याचा मोह आमच्यातील काही लेखकांना होतो, तो टाळावा. महाराजांची प्रेरणा त्यांची स्वतःची होती, तिला सत्यशोधकी विचारांचे आणि स्वतःच्या अनुभवांचे बळ होते. सुमारे साठ वर्षांपूर्वी बोस्टनमधल्या एका कचेरीत जो खर्च वायफळ ठरविला गेला तो एका राजाने आपल्या खजिन्यावर घेतला, एवढे मात्र म्हणता येईल.

आमच्या वाचकांना हा वाद जुना वाटू नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्या धर्मग्रामांना लागून ज्या शाळा आहेत त्यांच्याविषयी आज घरोघरी जे बोलले जाते ते याच वादाचे उत्तरार्ध आहेत. मराठी वर्ग ओस पडत आहेत आणि इंग्रजी वर्गांच्या प्रवेशासाठी रांगा लागत आहेत. शुल्क परवडत नाही म्हणून आपल्याच गरीब घरातले मूल बाहेर राहते आणि शाळेच्या वार्षिक अहवालात निकालाची टक्केवारी ठळक छापली जाते. अँडरसन आज असते तर म्हणाले असते की, मी सांगत होतो तेच झाले, इंग्रजीने मूल गावापासून तोडले. वायल्डर काय म्हणाले असते? त्यांनी शाळा मागितली ती ज्याला अक्षर ठाऊक नाही त्याच्यासाठी. आज जी शाळा ज्याच्यापाशी सर्व आहे त्याला आणखी देते, तिच्या बचावासाठी वायल्डर यांचे पुस्तक पुढे करता येणार नाही. शाळा चालविणे हेच मिशनकार्य, असे म्हणणारे आपल्यातील पुष्कळजण वायल्डरपंथी आहेत. त्यांनी त्यांचा पहिला अर्धाच युक्तिवाद उचललेला आहे.

प्रोटेस्टंट बंधूंच्या स्मारकाविषयी लिहिताना आपल्या स्मारकांकडे पाहणे हे न्यायाचे होईल. साष्टीतील कुंकळ्ळी येथे १५ जुलै १५८३ रोजी रुडॉल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी मारले गेले. १८९३ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना धन्य घोषित केले. त्यांच्या स्मरणार्थ चॅपेल उभे आहे आणि तेथे भाविक जातात. पोर्तुगीज सत्तेने त्यापूर्वी साष्टीतील देवळे पाडली होती, आणि हत्येनंतर गावच्या गावकऱ्यांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. चॅपेलमधील भक्तिपर कथनात हा भाग शतकानुशतके नव्हता. अलीकडच्या काळात त्या गावकऱ्यांचेही स्मारक कुंकळ्ळीत उभे राहिले. एकाच गावात दोन स्मारके, दोन्ही त्याच दिवसांच्या घटनांची. आम्हांस हे विसंवादी वाटत नाही. ज्यांनी प्राण दिले त्या धर्मगुरूंविषयीची भक्ती दुसऱ्या स्मारकामुळे उणावत असेल तर ती भक्ती आधीच कच्ची म्हटली पाहिजे.

त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स काम करीत होते. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. कोल्हापूरच्या या लेखात त्यांचे नाव आणण्याचे कारण एवढेच की, त्यांचे स्मारक त्यांनी स्वतःच रचून ठेवले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांतून, उपवासकाळात ते गाणाऱ्या घरांतून आणि देवळांतून ते टिकले. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते रोमन लिपीत, १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरीत प्रसिद्ध केले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना त्यांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्या जागी ऐकायला काही नव्हते. ही उणीव ओळखून स्टीफन्स यांनी पुराण रचले. बंदी घालणारी सत्ता आणि ती पोकळी जाणणारा कवी दोघेही एकाच व्यवस्थेतले होते, हे ख्रिस्तपुराणाच्या स्तुतिपर समीक्षेत सहसा सांगितले जात नाही. ते सांगितले म्हणजे त्या ओव्यांतील माया अधिक जाणवते, असा आमचा अनुभव आहे.

वायल्डर यांच्यापाशी स्टीफन्स यांची भाषा नव्हती. पण मिशनऱ्यांविषयी मराठीत जिवंत लिहिता येते याचा पुरावा त्यांच्याच परंपरेच्या अंगणात आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. नगरच्या मिशनमधील साहेब आणि मडमा लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात येतात त्या स्वयंपाकघराच्या दारातून. बाई त्यांच्यावर प्रेम करतात, त्यांची फजिती पाहून हसतात, त्यांच्या उपकाराने दबून जात नाहीत. मिशनऱ्याला पाहणारी ही देशी नजर ज्या दिवशी मराठी ख्रिस्ती चरित्रलेखनाला मिळाली असती त्या दिवशी ठरीव साचा मोडला असता. मिळाली ती एकाच पुस्तकाला, आणि ते पुस्तक आत्मचरित्र होते. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’तही मिशनरी भेटतात, परंतु तेथे ते गुरुस्थानी असतात आणि गुरूकडे मान वर करून पाहावे लागते.

कोल्हापूरच्या चर्चपाशी आम्हांला उणीव भासली ती या नजरेची. वायल्डर यांना मराठी शिकविणारे पंडित कोण होते, त्यांच्या शाळांतून शिकविणारे शिक्षक कोणत्या जातीचे आणि किती पगारावर होते, बोर्डाने हात काढल्यानंतरच्या चार वर्षांत, साहेब अमेरिकेत असताना, येथील मूठभर ख्रिस्ती कुटुंबांनी काय सोसले? १८५७ ते १८६१ हा काळ हिंदुस्थानच्या इतिहासात साधा नव्हता. कोल्हापुरातही १८५७ च्या जुलैत देशी पलटणीने उठाव केला होता. त्या उठावाच्या धामधुमीत आणि नंतर, एका परदेशी माणसाच्या मागे लागून जातीबाहेर पडलेल्या माणसांकडे शेजारी कसे पाहत असतील याची कल्पनाच करावी. स्मारक जर कुणाचे व्हायचे तर त्यांचेही आहे. कोल्हापूरच्या मंडळीतील जुन्या घराण्यांपाशी कागद असतील, बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतील, आजीने सांगितलेल्या गोष्टी असतील. त्या गोळा करण्याचे काम मंडळीतील एखाद्या तरुणाने अंगावर घ्यावे, आणि आमच्यासारख्या नियतकालिकांनी, पंथाचा विचार न करता, त्याला पाने द्यावीत. १८६१ च्या पुस्तकातील कोल्हापूरविषयक प्रकरणांचे मराठी भाषांतर हीदेखील त्याच कामाची दुसरी बाजू होय. ज्या शाळांसाठी ते लिहिले त्या शाळांच्या भाषेत ते अद्याप आलेले नसावे, ही गोष्ट लेखकाला रुचली नसती.

आणि ‘वायल्डर’ या नावात किती माणसे आहेत हेही मोजावे. पुत्र रॉबर्ट पार्मली वायल्डर कोल्हापुरातच १८६३ साली जन्मले. १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात शंभर तरुणांनी परदेशी मिशनकार्याचा संकल्प सोडला, त्यामागे ते होते. त्यांतून जी विद्यार्थी-स्वयंसेवकांची चळवळ निघाली तिने पुढील काही दशकांत हजारो मिशनरी जगभर पाठविले. मिशनच्या इतिहासात रॉबर्ट यांचे नाव पित्यापेक्षा मोठे आहे. त्यांच्या बरोबरीने प्रार्थनेत आणि खटपटीत असलेली बहीण ग्रेस हिचे नाव मात्र टीपेत सापडते.

एलिझा वायल्डर यांचे तर टीपेतही मुश्किलीने. १८४६ मध्ये त्या नगरला आल्या, १८५२ मध्ये कोल्हापुरास, १८६१ मध्ये पुन्हा कोल्हापुरास, या वेळी कुठल्याही बोर्डाच्या पगाराशिवाय. १८८७ मध्ये पती वारल्यावर वृद्धपणी अमेरिकेत स्वस्थ बसण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्या ग्रेसला घेऊन तिसऱ्यांदा समुद्र ओलांडून आल्या, आणि मायलेकींनी त्या काळच्या इस्लामपूर भागातील खेड्यापाड्यांतून बायकामुलींत काम केले. तीन हजार गावांचा हिशेब त्यांच्या नावावर कुणी लिहिलेला नाही. कोल्हापूरहून पुण्याकडे जाताना पेठच्या नाक्यावरून इस्लामपूरचा रस्ता फुटतो. आपल्या वाचकांपैकी पुष्कळजण त्या रस्त्यावरून गेले असतील.